हातमोजा एकाच हाताचा

इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा दुकानात काम करतो हे कळल्यावर आईचा जीव कासावीस झाला. तिच्या सांगण्यावरून बेंगळुरूला गेलेल्या मावशीला तिथे काय दिसले?

ताईचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात अंकाची पाने तपासत होते. आवाजावरूनच समजले की काहीतरी बिनसले आहे.

"तुला माहीत होतं का गं? तो तिकडे दुकानात नोकर म्हणून राहिलाय!"

'तो' म्हणजे माझा भाचा. साताऱ्याहून बेंगळुरूला इंजिनीअरिंगसाठी गेलेला. गेल्या वर्षी दाजींचे हृदयाचे ऑपरेशन झाले आणि घरातली शिल्लक त्यात गेली. फी कशीबशी भरली, पण खोलीभाडे आणि मेस यांची दरमहा ओढाताण होऊ लागली. मग अचानक मुलाने पैसे मागणेच बंद केले. ताईला वाटले, पोरगा काटकसरीने राहायला शिकला. खरी गोष्ट एका लग्नात उघड झाली. नात्यातल्या कुणीतरी बेंगळुरूत त्याला एका साहेबाच्या गाडीत भलीमोठी पिशवी ठेवताना पाहिले होते आणि ते चार बायकांसमोर सांगितले.

"पाच महिने लपवलं त्याने. तू जा, बघ आणि त्याला सोडायला लाव," ताई म्हणाली, "आम्ही उपाशी राहू, पण पोरगा लोकांच्या पिशव्या उचलणार नाही."

संपादकांना मी बेंगळुरूवर एक लेख देते असे सांगितले आणि पुण्याहून उद्यान एक्सप्रेसमध्ये बसले. तो हा लेख. ठरवला होता त्यापेक्षा जरा वेगळा झाला आहे.

शहाजीराजांचे गाव

सकाळी गाडीतून उतरताच गारवा जाणवला. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले हे शहर. उन्हाळ्याचे दोनेक महिने सोडले तर हवा सुखाची. भाचा स्टेशनवर आला होता. वाकून नमस्कार केला आणि माझी बॅग हातातून घेतली. विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही.

स्टेशनजवळच्या एका दर्शिनीत आम्ही उभ्यानेच नाश्ता केला. दर्शिनी म्हणजे इथली उभ्याने खाण्याची उपाहारगृहे. टोकन घ्यायचे, पुढच्या खिडकीवर द्यायचे आणि दोन मिनिटांत हातात ताटली. खारा बाथ म्हणजे आपला तिखट उपमा आणि केसरी बाथ म्हणजे शिरा. दोन्ही एकाच ताटलीत घेतले की त्याला म्हणायचे चौचौ बाथ. एक कॉफी दोघांत घेतली तर 'बाय-टू'. भाचा खिडकीवरच्या माणसाशी कन्नडमध्ये बोलत होता. सहा महिन्यांपूर्वी त्याला 'बन्नी' आणि 'होगी' एवढेच येत होते.

"कुठे शिकलास?" मी विचारले.

"दुकानात," तो म्हणाला आणि ओशाळून कॉफीच्या पेल्यात पाहू लागला.

मराठी माणसाला हे शहर परके वाटू नये. केम्पेगौडांनी १५३७ मध्ये ते वसवले आणि १६३८ मध्ये ते विजापूरच्या आदिलशाहीच्या ताब्यात आले. पुढे शहाजीराजांकडे त्याची जहागीर होती. बाल शिवाजीराजे जिजाऊंबरोबर काही काळ इथे राहून गेले. शहाजीराजांचे निधन १६६४ मध्ये होदिगेरे येथे झाले. त्यांची समाधी आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. पुढे १६८७ च्या सुमारास मोगलांमार्फत हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले, आणि त्याची किंमत तीन लाख रुपये ठरली होती असे इतिहासात सांगतात. आज तेवढ्या पैशांत इथे एक गुंठाही मिळायचा नाही!

इंग्रज आले आणि १८०९ पासून जुन्या पेठांच्या पूर्वेला लष्कराची छावणी उभी राहिली. त्या छावणीबरोबर बंगले आले, बगीचे आले, क्लब आले आणि गोल्फही आला. कलकत्त्यात हा खेळ १८२९ पासून होता. बेंगळुरूचा गोल्फ क्लब १८७६ चा. हाय ग्राउंड्स भागात सँकी रोडला तो अजूनही आहे. भोवती वाहनांची गर्दी आणि मध्ये हिरवळीचा तुकडा. पुढे जुन्या विमानतळाच्या रस्त्याकडे कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मोठे मैदान झाले आणि त्याला लागून काचेच्या इमारतींचे संगणक कंपन्यांचे संकुल उभे राहिले. साहेबांचा खेळ गेला आणि संगणकवाल्यांचा आला, असे म्हणायला हरकत नाही.

भाच्याचे दुकान याच बाजूला एका गल्लीत आहे. शनिवार, रविवार पूर्ण दिवस आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तो तिथे असतो.

दुसरा हातमोजा कुठे?

दुकान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची खेळाच्या सामानाची दुकाने होती. बाहेर टांगलेल्या फुटबॉलच्या जाळ्या, आत कॅरमबोर्ड आणि कपांची कपाटे. इथे मात्र भिंतभर चकचकीत दांडे उभे होते. मी एक उचलून म्हटले, "केवढ्याची रे ही काठी?"

"मावशी, काठी नाही म्हणायचं, क्लब म्हणायचं," त्याने हळूच सांगितले. किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली तर पन्नास हजारांच्या आसपास. मी क्लब दोन्ही हातांनी जपून जागेवर ठेवला.

खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात, हा नियम आहे. लांब मारायचा तो ड्रायव्हर. मधल्या अंतरांसाठी आयर्न, वाळूतून किंवा जवळून चेंडू उचलायचा तो वेज आणि शेवटी हिरवळीवर चेंडू भोकात ढकलायचा तो पटर. प्रत्येकाच्या तोंडाचा उतार वेगळा, त्यामुळे चेंडू किती वर उडेल आणि किती लांब जाईल हे ठरते. चेंडू तर जेमतेम लिंबाएवढा. त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. त्याच्यावर तीनचारशे खळगे असतात. ते शोभेसाठी नाहीत. जुन्या काळी चेंडू गुळगुळीत असत. वापरून ओरखडे पडलेला चेंडू नव्यापेक्षा लांब जातो हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि मग मुद्दामच खळगे पाडू लागले. खळग्यांमुळे हवेची थर चेंडूला अधिक काळ चिकटून राहते, मागे कमी भोवरे होतात आणि चेंडू लांब जातो.

"फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हेच आलं होतं," भाचा म्हणाला. "वर्गात डोक्यावरून गेलं होतं. इथे एका गिऱ्हाइकाला समजावताना मलाच समजलं."

तेवढ्यात एक नवे जोडपे आले. नवऱ्याने हातमोज्याचे पाकीट उघडले आणि त्याचा चेहरा पडला. "ह्यात एकच आहे. दुसरा कुठे?"

भाच्याने हसू आवरले. उजवा खेळाडू हातमोजा घालतो तो फक्त डाव्या हातात, कारण दांड्यावर वरची पकड त्या हाताची. म्हणून मोजे एकेक विकतात. डावखुऱ्याला उजव्या हाताचा लागतो. भाच्याने हे इतक्या अदबीने समजावले की त्या माणसाला आपले अज्ञान उघडे पडले असे वाटलेच नाही. शिवाय त्याने महाग मोजा घेऊ नका, आधी चार दिवस शिकून बघा, असेही सांगितले. मालक काउंटरवर बसून ऐकत होते, पण काही बोलले नाहीत.

नंतर मी मालकांना विचारले, "तो स्वस्त माल घ्यायला सांगतो, तुमचं नुकसान नाही का?"

"ते गिऱ्हाईक परत येईल की," ते म्हणाले. "महाग घेऊन खेळ सोडला तर कशाला येईल?"

कापलेला दांडा

दुकानाच्या मागे छोटीशी कार्यशाळा आहे. माझ्या मते खरे दुकान तेच. क्लबच्या मुठीवर रबराचे आवरण असते, त्याला ग्रिप म्हणतात. घामाने आणि उन्हाने ती कडक होते, मग बदलावी लागते. भाच्याने मला बदलून दाखवली. दांडा शिकंज्यात रबराच्या तुकड्यात धरला, आकड्यासारख्या पात्याने जुनी ग्रिप उभी कापली आणि सोलली. खालची जुनी चिकटपट्टी खरवडून काढली. नवी दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. नव्या ग्रिपच्या टोकाचे भोक बोटाने दाबून आत द्रावण ओतले, हलवले, तेच पट्टीवर सांडले आणि एका झटक्यात ग्रिप दांड्यावर सरकवली. सरळ बसली की नाही ते एक डोळा मिटून पाहिले. काही सेकंदांचाच अवधी मिळतो. एकदा बसली की काही तास हात लावायचा नाही.

ताईचा हा मुलगा घरी पंख्याचे बटण बिघडले तर वायरमनला फोन करणारा. त्याच्या बोटांवर आता बारीक कापल्याच्या खुणा आहेत.

"चुका होतात का?" मी विचारले.

त्याने कपाटावर ठेवलेला एक काळा दांडा काढून दिला. ग्रॅफाइटचा, टोकाला कापलेला. दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर अर्धा इंच आखूड करायचा होता. आदल्या रात्री परीक्षेसाठी जागरण झालेले. खूण चुकली आणि दीड इंच कापला गेला.  गेलेले गेले.

"दुकानात कुणी नव्हतं," तो म्हणाला. "नवी ग्रिप चढवून तसाच ठेवला असता तर आठवडाभर कुणाला कळलं नसतं. मी हात धुतले, बाहेर जाऊन चहा प्यायलो आणि परत येऊन मालकांना फोन केला."

मालक ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की गिऱ्हाइकाला तूच कळव. नव्या दांड्याचे अर्धे पैसे मालकांनी घातले आणि अर्धे भाच्याच्या पगारातून तीन महिन्यांत कापले. त्या तीन महिन्यांत रात्रीचे जेवण पुष्कळदा दोन केळ्यांवर झाले. घरी मात्र त्याने एक पैसा मागितला नाही.

"आईला का नाही सांगितलंस?"

"तिने बांगड्या मोडल्या असत्या, मावशी."

यावर मला काही बोलता आले नाही.

सोमवारचे खेळाडू

रविवारी संध्याकाळी पन्नाशीचा एक कृश माणूस दुकानात आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना आयर्न. तो कॅडी होता. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी घेऊन मैदानभर बरोबर चालणारा, अंतर सांगणारा, हिरवळीचा उतार ओळखणारा मदतनीस. अनेक गोल्फ क्लबांमध्ये सोमवारी मैदान देखभालीसाठी सभासदांना बंद असते आणि तेव्हा कॅडींना खेळू देतात. या माणसाला दुसऱ्या दिवशी खेळायचे होते आणि ग्रिप तर पार गुळगुळीत झालेली.

भाच्याने खालच्या खणातून एक ग्रिप काढली. वापरलेली, पण चांगली. श्रीमंत गिऱ्हाइके रंग आवडला नाही म्हणूनही ग्रिपा बदलतात. अशा ग्रिपा हा कापत नाही. कॉम्प्रेसरने आत हवा भरून अख्ख्या उतरवतो आणि मालकांच्या परवानगीने बाजूला ठेवतो. कॅडींकडून फक्त चिकटपट्टीचे पैसे घेतो.

"या लोकांमुळे मला खेळ समजला," तो म्हणाला. "मी आजवर एकही होल खेळलेलो नाही. पण कुठला क्लब कुणाला लागेल हे यांनी शिकवलं."

आणि कॅडींना कमी लेखू नये. याच शहरातला चिन्नास्वामी मुनियप्पा कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर कॅडी म्हणून काम करून खेळ शिकला. २००९ मध्ये त्याने इंडियन ओपन स्पर्धा जिंकली, तीही बरोबरी झाल्यावर जादा होलमध्ये कोरियाच्या खेळाडूला हरवून. लोकांच्या पिशव्या उचलणाऱ्याने देशाची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली!

याच मैदानाने आणखी एक नाव दिले आहे, ते म्हणजे अदिती अशोक. १९९८ मध्ये बेंगळुरूत जन्मलेली ही मुलगी पाच-साडेपाच वर्षांची असताना मैदानाजवळच्या उपाहारगृहात आईवडिलांबरोबर नाश्त्याला येत असे. तिथून खेळणारे दिसत, म्हणून कुतूहलाने तिघेही एकदा आत गेले. घरात आधी कुणी गोल्फ खेळत नव्हते. ऑलिंपिकमध्ये गोल्फ १९०४ नंतर थेट २०१६ मध्ये रिओला परतला, तेव्हा अठरा वर्षांची अदिती तिथे होती आणि तिची पिशवी वडिलांनी उचलली होती. टोकियोच्या स्पर्धेत, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिचे पदक फक्त एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. त्या वेळी पिशवी आईच्या खांद्यावर होती. गोल्फ म्हणजे काय हे माहीत नसलेली अनेक घरे त्या शनिवारी पहाटे उठून टीव्हीपुढे बसली होती.

मराठी वाचकांना सांगायला हवे की टोकियोच्या त्याच भारतीय चमूत पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि आपला उदयन माने हेही होते.

हिरवळीची दुसरी बाजूही आहे. सभासदत्व सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही आणि आत प्रवेश सभासदांना व त्यांच्या पाहुण्यांनाच. शिवाय हिरवळीला पाणी लागते. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पाण्याची इतकी टंचाई झाली की बागांसाठी आणि गाड्या धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंड ठरला. भाच्याच्या इमारतीत तेव्हा टँकरची वाट पाहत रांग लागे. "आम्ही अंघोळीला अर्धी बादली वापरायचो आणि दुकानात गवताच्या गोष्टी चालायच्या," असे त्याने मोकळेपणाने सांगितले. खेळ आवडला म्हणून त्याने डोळे मिटलेले नाहीत, हे मला बरे वाटले.

शहर पाहायचे तर

चार दिवस हाताशी असतील तर बेंगळुरू पुष्कळ देते. लालबागेतला काचमहाल आणि तिथला प्राचीन खडक, कब्बन पार्क, बसवनगुडीतला मोठा नंदी पाहावा. गांधी बाजारात १९४३ पासूनच्या विद्यार्थी भवनात डोसा खावा, तर १९२४ पासूनच्या एमटीआरमध्ये रवा इडली. मेट्रोची जांभळी मार्गिका स्टेशनपासून थेट महात्मा गांधी रोड आणि इंदिरानगरपर्यंत नेते, त्यामुळे रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागत नाही. सँकी रोडवरून गेलात तर जुन्या गोल्फ क्लबची हिरवळ रस्त्यावरूनही दिसते. आणि गर्दीत कुणी 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि' म्हणाले तर थोडे सरकून जागा द्यावी. या शहराचा तो मंत्रच आहे.

आबांची गोष्ट

परतीच्या आदल्या रात्री ताईचा फोन आला.

"बोललीस का? सोडतोय ना?"

मी भाच्याकडे पाहिले. तो समोर बसून वहीत काहीतरी उतरवत होता, पण कान इकडेच होते. सत्राचे गुण मी पाहिले होते. पहिल्यापेक्षा कमी नव्हते, दोन विषयांत तर वाढलेच होते.

"ताई, आबा कसे शिकले?" मी विचारले.

ती गप्प झाली. आमचे आबा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये काढलेले ते कॉलेज. तिथे 'कमवा आणि शिका' योजना होती. आबांनी शेतात खुरपले, बांधकामावर दगड वाहिले आणि त्यावर पदवी घेतली. आम्हा बहिणींना ही गोष्ट दर दिवाळीला ऐकायला मिळे आणि पाहुण्यांपुढे ती सांगताना सर्वांत पुढे असे ती ताईच.

"ते दिवस वेगळे होते," ती जरा वेळाने म्हणाली.

"दिवस वेगळे, पण गरज तीच. तो पिशव्या उचलतो, हे खरं आहे. आबांनी दगड उचलले. आपण एकाचा अभिमान बाळगतो आणि दुसऱ्याची लाज, हे कसं?"

"पण लपवलं का त्याने माझ्यापासून?"

हा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी फोन भाच्याच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आतून शब्द कळत नव्हते. आधी बराच वेळ तोच बोलत होता. कापलेल्या दांड्याची गोष्ट सांगत असावा, कारण मध्येच त्याचा आवाज भरून आला. नंतर तो हसल्याचेही ऐकू आले.

त्याने फोन परत दिला तेव्हा ताईचे नाक चोंदलेले होते. "परीक्षेच्या महिन्यात सुट्टी घ्यायची आणि दर रविवारी रात्री मला सगळं खरं सांगायचं, असं कबूल करून घेतलंय," ती म्हणाली. "आणि हो, रात्री केळ्यांवर राहायचं नाही. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय."

आपल्या मुलांनी शिकताना कमवावे की नाही, यावर घराघरांत वाद होतात. अभ्यास मागे पडत असेल तर कमाई नकोच. पण मुलगा हाताने काम करतो म्हणून आपली मान खाली जाते असे वाटत असेल, तर आधी आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहावे. आणि मुलांनीही एक ध्यानात ठेवावे. आईवडिलांना त्रास नको म्हणून लपवलेली गोष्ट परक्याच्या तोंडून कळली की तिचा त्रास दुप्पट होतो.

गाडी सुटताना भाचा खिडकीशी उभा होता. सोमवार होता. कालचा तो कॅडी एव्हाना मैदानावर असेल, असे तो म्हणाला.

पुण्याला पोहोचले तर ताईचा फोन आधीच वाजत होता. "अगं, विचारायचं राहिलंच," ती म्हणाली, "तो म्हणतो, हातमोजा एकच विकतात. मग दुसऱ्या हाताला थंडी नाही वाजत का रे म्हटलं, तर नुसता हसत सुटला. एकच का असतो गं?"

मी तिला म्हटले, "रविवारी त्यालाच विचार."